थिबाचं माणिक, आमचा जांभा

रत्नागिरीला आलेला पाहुणा थिबा राजवाडा बघून बाहेर पडला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : राजाची माणकं कुठे गेली? ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उठवलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. मोगोकच्या खाणी त्याच्या अखत्यारीतल्या. तिथे मोठं माणिक निघालं की ते राजाकडे जमा व्हायचं. न्गा माउक नावाचं त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध माणिक मंडाले सोडतानाच्या गोंधळात गेलं ते गेलंच. बरोबर जे आलं होतं ते पैसा पुरेना तसतसं विकलं गेलं.

एवढ्यावर पाहुण्याचं समाधान होतं. मला मात्र त्या आवारात उभं राहिलं की सरकारच्या विनोदबुद्धीचं कौतुक वाटतं. जगातलं सर्वांत सुरेख लाल ज्याच्या तिजोरीत होतं, त्या माणसाला तीस वर्षं डांबलं कुठे, तर जिथे लाल रंगाला काही तोटाच नाही अशा मुलखात. सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, लाल, गडगे लाल, पाखाड्या लाल, पहिल्या पावसात पऱ्याचं पाणी लाल, आणि मे महिन्यात सुट्टीला आलेल्या पोरांच्या पांढऱ्या मोज्यांचं तर विचारूच नका. हे दोन लाल एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एक क्रोमियमचा, दुसरा लोखंडाचा. पण रंग बाजूला केला तर खाली जे उरतं त्यात मात्र नातं निघतं, आणि तेही बरंच जवळचं.

माणिक म्हणजे कुरुंद. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बाकी काही नाही. शुद्ध असेल तर ते बिनरंगी असतं आणि त्याला कोणी अंगठीत बसवत नाही. आता ॲल्युमिनियमचं म्हणाल, तर ते आमच्या जमिनीत खच्चून भरलंय. दापोली-मंडणगडकडे सड्यावर बॉक्साइट निघतं, ते ॲल्युमिनियमचंच खनिज. म्हणजे माणकाचं पीठ आमच्याकडे तयार आहे. हवं फक्त मीठ : शंभर ॲल्युमिनियममागे एखादा, बहुधा त्याहूनही कमी, क्रोमियमचा अणू.

क्रोमियमही आहे. कणकवलीजवळ जानवली-वागद्याच्या बाजूला क्रोमाइटचे साठे आहेत. कोकणाचा दक्षिण भाग भूगर्भाच्या दृष्टीने निराळाच. रत्नागिरी जिल्हा बहुतेक सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा, पण सिंधुदुर्गात हा लाव्हा पातळ होत संपतो आणि खालचे फार जुने खडक वर येतात. कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज, हे क्रोमाइट, सगळं त्या जुन्या खडकांचं देणं. क्रोमाइटचा दगड हातात घेतला तर काळा, जड आणि दिसायला अगदीच सामान्य. यात माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा दोन्ही दडलेत, असं वर्गात सांगितलं की मुलं आधी दगडाकडे आणि मग माझ्याकडे संशयाने बघत.

क्रोमियमचा शोधच मुळी रंगांच्या नादात लागला. सैबेरियातून आलेल्या शिशाच्या एका लालभडक खनिजातून व्होकलां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली ते वेगळं काढलं, आणि लगेच पाचूच्या हिरव्यामागेही तेच आहे हे दाखवलं. एकच मूलद्रव्य एका दगडाला लाल करतं आणि दुसऱ्याला हिरवं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवूनही मला हे नित्य नवं वाटतं. पुस्तकातला तक्ता ‘क्रोमियम : हिरवा’, ‘तांबे : निळा’, ‘लोह : तपकिरी’ असं एका ओळीत सांगून मोकळा होतो. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. सड्यावर ते टिकत नाही.

होतं असं. टायटॅनियमपासून तांब्यापर्यंतच्या ओळीत जी मूलद्रव्यं आहेत, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल वगैरे, त्यांच्या अणूत इलेक्ट्रॉनांसाठी पाच जागांचा एक संच असतो आणि तो बहुतेकदा अर्धवट भरलेला असतो. अणू एकटा असेल तर पाचही जागा ऊर्जेने सारख्या. खनिजात भोवती ऑक्सिजनचे अणू येऊन बसले की या पाच जागांत फूट पडते, काही खाली जातात, काही वर. खालच्या इलेक्ट्रॉनला वर जायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी नेमकी दिसणाऱ्या उजेडातल्या कुठल्यातरी रंगात असते. खनिज तो रंग गिळतं. उरलेला उजेड आपल्याकडे येतो आणि त्याला आपण दगडाचा रंग म्हणतो. दोन जागांतलं अंतर किती, हे शेजारी कोण आहे, किती आहेत आणि किती जवळ बसलेत यावर ठरतं.

माणकात क्रोमियमला ॲल्युमिनियमच्या जागेवर बसावं लागतं आणि तो अंगाने थोडा मोठा. गणपतीच्या दिवसांत एसटीच्या बाकावर चौथा माणूस बसतो तसा तो तिथे दाबून बसलेला असतो. ऑक्सिजनचा दाब जास्त, म्हणून जागांमधलं अंतर जास्त, म्हणून पिवळा-हिरवा आणि जांभळा उजेड गिळला जातो. लाल सुटतो. पाचूत तोच क्रोमियम, भोवती तेच सहा ऑक्सिजन, पण पकड जरा सैल. गिळण्याची जागा लालकडे सरकते आणि हिरवा बाहेर पडतो. या दोहोंच्या मधोमध अलेक्झांड्राइट नावाचं एक खनिज आहे. त्यात क्रोमियमवरचा दाब अशा बेताचा असतो की दिवसाच्या उजेडात ते हिरवं दिसतं आणि मेणबत्तीपाशी नेलं की लाल.

म्हणूनच ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम, सिलिकॉन यांची खनिजं स्वतःहून पांढरी किंवा बिनरंगी. त्यांच्याकडे तो अर्धवट भरलेला संच नाहीच. मिठागरातलं मीठ, वाळूतले शिंपले, भिंतीचा चुना. तांब्याच्या पलीकडे जस्ताशी पोहोचेपर्यंत संच भरून जातो, इलेक्ट्रॉनला वर जायला जागाच उरत नाही, आणि जस्ताची राख पुन्हा पांढरी.

आता आमचा लाल. कोकणाचा जांभा मुळात काळा. सह्याद्रीचा काळा कातळ आणि सड्यावरचा जांभा ही एकाच दगडाची दोन वयं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वजनाने दहा टक्क्यांहून जास्त लोखंडाची ऑक्साइडं होती. ताज्या कातळात हे लोखंड बहुतांशी दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत असतं आणि इतर खनिजांत अडकून पडलेलं, म्हणून दगड काळा. त्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मग आठ महिने ऊन, असं लाखो वर्षं चालू राहिलं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर समुद्राला मिळाले, सिलिकाही बरीचशी गेली. लोखंड आणि ॲल्युमिनियम मात्र फारसे हलले नाहीत. लोखंडाने हवेतल्या ऑक्सिजनशी आणखी एक इलेक्ट्रॉनचा व्यवहार केला आणि सडा लाल झाला.

सगळा लाल नाही पण. चिरेखाणीत नुकती कापलेली भिंत बघितली आहे का? जांभळट, विटकरी, हळदीचा पिवळा, मध्येच पांढुरके डोळे आणि पोकळ नळ्या. जिथे पांढुरकं, तिथून लोखंड निघून गेलंय, ॲल्युमिनियमची माती उरलीय. लाल ते हेमटाइट : लोखंड आणि ऑक्सिजन. पिवळं ते गोएथाइट : लोखंड, ऑक्सिजन आणि थोडा हायड्रोजन. जांभळट छटाही हेमटाइटचीच, फक्त कण जरा मोठे. एका चिऱ्यावर एवढे रंग, आणि रंगारी एकच.

गोएथाइट हे नाव जर्मन कवी ग्योटेवरून ठेवलंय. गृहस्थाला दगड जमवण्याचा षोक होता. रंगांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात न्यूटनशी कडाडून भांडला. न्यूटनशी भांडण हरलेल्या माणसाचं नाव आमच्या पिवळ्या मातीला मिळालं याचा मला उगाच आनंद होतो.

पिवळ्याचं लाल करणं अवघड नाही. कनिष्ठ महाविद्यालयात असताना मी मुलांना खाणीतली पिवळी माती आणायला सांगायची आणि जुन्या लोखंडी तव्यावर ती भाजायची. तीनशे अंशांच्या आसपास गोएथाइटमधला हायड्रोजन पाणी होऊन उडून जातो आणि मागे हेमटाइट राहतं. डोळ्यांदेखत पिवळीचा गेरू होतो. अणू लोखंडाचा तोच, एक इलेक्ट्रॉनही कमीजास्त झालेला नाही, फक्त शेजार बदलला. हेमटाइटमध्ये तर लोखंडाचे अणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की शेजारच्या दोन अणूंचं उजेड गिळणं जोडीने होतं, आणि म्हणून तो लाल एवढा दाट. कौलांच्या भट्टीतही हेच लोखंड. हवा खेळती असेल तर कौल लाल निघतं, धूर कोंडला तर काळं.

रेडीच्या खाणीतलं हेमटाइट मात्र पहिल्या भेटीत फसवतं. ढेकूळ बघाल तर करडं, चकाकतं, पोलादी. ते खरखरीत फरशीच्या मागच्या बाजूवर घासलं की लाल रेघ उठते. खनिज ओळखायची ही सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाची पद्धत. ढेकळाच्या पृष्ठावरून उजेड परावर्तित होतो, भुकटीत तो कणाकणातून जाऊन येतो, म्हणून रेघेचा रंग जास्त प्रामाणिक. बाथरूमचं काम काढलं की उरलेल्या फरशांचे तुकडे मी फेकू देत नाही, घरच्यांना ते अजून पटलेलं नाही.

रत्नागिरीत लोकांनी किनाऱ्यांची विभागणी वाळूच्या रंगावरून कधीच करून टाकली आहे. मिऱ्याच्या अंगाला पांढरा समुद्र, मांडवीला काळा. मांडवीची काळी वाळू मुठीत घेतली तर जड लागते. लोहचुंबक फिरवलं की काही कण टुणकन चिकटतात, ते मॅग्नेटाइट. उरलेल्या काळ्यांत इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. काळबादेवी, नेवरे, मालगुंडच्या वाळूतही ते आहे. डोंगरातला कातळ झिजतो, नद्या चुरा खाली आणतात, लाटा हलकं वाहून नेतात आणि जड मागे ठेवतात.

या काळ्या वाळूजवळ मला पुन्हा थिबाच्या तिजोरीची आठवण होते. कुरुंदात क्रोमियमऐवजी लोखंड आणि टायटॅनियम शेजारी-शेजारी येऊन बसले, तर त्याचा होतो नीलम. प्रमाण शेकड्यातल्या काही शतांशांचं. लोखंडाचा इलेक्ट्रॉन उडी मारून टायटॅनियमकडे जातो, त्या उडीसाठी पिवळा-तांबडा उजेड खर्ची पडतो आणि निळा उरतो. इल्मेनाइटमध्ये हीच जोडी, हाच व्यवहार, पण तिथे दगडभर हेच दोघे दाटीवाटीने बसलेले. सगळ्याच रंगांचा उजेड गिळला जातो आणि उरतं काळं. नीलम आणि मांडवीची वाळू यांत फरक निव्वळ गर्दीचा.

त्यापुढची गंमत तर अशी की, याच काळ्या इल्मेनाइटमधलं लोखंड काढून टाकलं तर टायटॅनियम डायऑक्साइड हाती लागतो, बाजारातला सगळ्यांत पांढरा रंग. भिंतीच्या पांढऱ्या पेंटमध्ये तो असतो, टूथपेस्टमध्ये असतो. सगळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन बसलेल्या टायटॅनियमकडे गिळायला काही शिल्लकच नसतं, आणि उजेड वाकवण्यात तो हिऱ्यालाही मागे टाकतो, म्हणून त्याची भुकटी एवढी झळझळीत दिसते.

शेजाऱ्याचा रंगावरचा अधिकार मी पहिल्यांदा बघितला तो प्रयोगशाळेत नव्हे, आमच्या गुहागरकडच्या आगरात. पोफळींवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण मारतात. एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या पिंपात, चुना वेगळ्या पिंपात, आणि मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतायचं. वडील त्यात कोयता बुडवून बघत. पात्यावर तांबूस लेप चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा. चढला नाही तर फवारणीला हरकत नाही. लोखंड तांब्याला द्रावणातून हुसकावतं, हे मी अकरावीत शिकण्याआधी कोयत्यावर बघितलं होतं. मूळ मिश्रण फ्रान्समधलं. बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना चोरांना किळस यावी म्हणून मोरचूद-चुना फासत. तेवढ्याच वेलींवर रोग नाही हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं. आमच्याकडे माकडांना मात्र त्याचं काही वाटत नाही.

तर मोरचूद. त्या निळ्यासारखा निळा निसर्गात क्वचित. पण खडा चमच्यात धरून तापवला की तो पांढराफटक पडतो. तांबं कुठेही गेलेलं नसतं. गेलेलं असतं पाणी. मोरचुदाच्या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक अणूभोवती पाण्याचे चार रेणू बसलेले असतात, निळा त्यांच्या संगतीतला. पांढऱ्या भुकटीवर थेंबभर पाणी टाकलं की निळा परत येतो. तांब्याची संगत बदलली की हिरवाही होतो : न धुतलेल्या पितळी भांड्याच्या कडेला येणारा कळंक किंवा मॅलकाइट हे खनिज.

सगळेच रंग या पाच जागांच्या खेळातून येत नाहीत, हेही सांगायला हवं. हिंगूळ लाल आहे पण त्यात असा कोणी अर्धवट भरलेला अणू नाही. पारा आणि गंधक मिळून सगळ्या स्फटिकाचीच गिळण्याची एक सीमा ठरवतात, तिच्या अलीकडचा लाल तेवढा सुटतो. हरताळाचा पिवळा त्याच जातीचा. आणि निळीची पुडी, जी आमच्याकडे गणपतीआधी भिंती रंगवताना चुन्यात चिमूटभर टाकत, तिच्यात तर धातूचा रंगच नाही. गंधकाचे तीन अणू एकत्र बांधून ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या पिंजऱ्यात कोंडले की निळा तयार होतो. अफगाणिस्तानातला लाजवर्द हा त्याचाच खाणीतला भाऊ. एकटं गंधक पिवळं, हे आठवून बघा.

राहता राहिलं मोगोकचं माणिक एवढं नावाजलेलं का, हे. माणकातला क्रोमियम गिळलेल्या उजेडातला काही भाग लाल करून परत सोडतो. उन्हात धरलेलं चांगलं माणिक आतून पेटल्यासारखं दिसतं ते यामुळे. १९६० साली पहिला लेसर माणकाच्या दांडीतूनच निघाला, तोही याच गुणावर. पण जवळपास लोखंड असेल तर ते ही ऊर्जा मधल्यामध्ये खाऊन टाकतं आणि दगड मंद होतो. मोगोकची माणकं संगमरवरात घडली. संगमरवरात लोखंड नावापुरतं, म्हणून ती पेटतात. आमच्याकडे ॲल्युमिनियम आहे, क्रोमियम आहे, पण जिकडे तिकडे लोखंड. शिवाय कुरुंदाचा स्फटिक घडायला जमिनीच्या पोटातली उष्णता आणि दाब लागतो, आणि जांभा तर उघड्यावर पावसात भिजून तयार होतो. सामान सगळं कोकणात, चूल ब्रह्मदेशात.

चूल पेटवता येते, हे व्हर्नॉय या फ्रेंच माणसाने १९०२ साली जाहीर केलं. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी, चिमूटभर क्रोमियम ऑक्साइड, आणि दोन हजार अंशांवरची ज्योत. भुकटी ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि खालच्या बुंध्यावर थेंबाथेंबाने माणिक वाढतं. जुन्या एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं, ते हेच.

माझ्या आत्याला एका ज्योतिषाने रवीसाठी माणिक घालायला सांगितलं. तिने कुठूनशी अंगठी करून आणली आणि नंतर गावातल्या सोनाराने ती बघून तोंड वाकडं केलं. आत्या अंगठी घेऊन माझ्याकडे. भिंगाखाली बघितलं तर आत वाढीच्या रेषा वळणदार. खाणीतल्या माणकात त्या सरळ असतात, आणि नशीब असेल तर रुटाइलच्या, म्हणजे त्याच टायटॅनियम डायऑक्साइडच्या, बारीक सुयाही दिसतात. इथे सुया नव्हत्या, दोन बुडबुडे होते.

“कारखान्यातलं आहे, आत्या. पण खोटं नाही. ॲल्युमिनियम तेच, क्रोमियम तेच, लालही तोच.”

“मग रवीला चालेल?”

“रवीचं मला ठाऊक नाही. रसायनशास्त्राला चालेल.”

तिने अंगठी बोटात परत घातली, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली. मग हिशेब आठवला.

“अगो, पण मग एवढे पैसे कसले घेतलान् मेल्यानं?”

“भूगोलाचे.”

“तो कुठे दिलान् पण?”